एक मोबाईल, सहा अर्धवट कोर्स आणि वेचणीची वही

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून अठरा किलोमीटर. घरी एकच स्मार्टफोन, तोही दिवसभर दादाजवळ असतो. ऑनलाइन सगळं फुकट शिकता येतं म्हणून मी कॉम्प्युटर, इंग्रजी, टॅली, मानसशास्त्र अशा सहा कोर्सला नाव टाकलं. एकही पूर्ण झाला नाही. लहान भाऊ आठवीत आहे, गणितात कच्चा आहे. बाबा मोबाईलवर पाहून कपाशीची फवारणी ठरवतात. आता वेचणी लागली आहे, मलाही वावरात जावं लागते. माझ्यातच काही कमी आहे का? सुरुवात नेमकी कुठून करू?"

तुझ्यात काही कमी नाही. तुला बरं वाटावं म्हणून हे सांगत नाही, त्याचा हिशोब झालेला आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खुल्या कोर्सना २०१२ ते २०१८ या काळात ज्यांनी नावं टाकली, त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापून आला. २०१७-१८ मध्ये शंभरातल्या साधारण तिघांनीच कोर्स पूर्ण केला होता. यातले बरेचसे लोक श्रीमंत देशांतले होते, कापूस वेचून रात्री अभ्यासाला बसणारे नव्हते. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात मात्र निम्म्याच्या आसपास लोक शेवटपर्यंत पोचले. म्हणजे नाव टाकणं सगळीकडेच सोपं आहे आणि पुरं करणं सगळीकडेच अवघड.

मी 'क' वर्गाच्या एका सार्वजनिक वाचनालयात चौदा वर्षांपासून ग्रंथपाल आहे, त्याआधी सहा वर्षं कॉम्प्युटर शिकवायचे. आमच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची पोरं असतात, नर्सिंगच्या पोरी असतात, दुपारी कोणाची तरी आजी पोथी वाचायला येते. या सगळ्यांना पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. शिकायचं साहित्य आता खरोखरच फुकट आहे आणि त्यातलं पुष्कळसं उत्तम आहे. पण मोबाईल हाती असण्याचा एक तास, टेकायला एक जागा आणि सोबतीला एखादं माणूस, हे कोणतंही संकेतस्थळ देत नाही. ते गावातच जमवावं लागते. तू सहा वेळा कोर्सपासून सुरुवात केलीस, या वेळी या जमवाजमवीपासून कर.

माझी स्वतःची चूक सांगते, तिच्यातून मी पुष्कळ शिकले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट एकदम स्वस्त झालं आणि मला वाटलं, आता आपल्या पोरांना काही अडणार नाही. मी दर रविवारी वाचनालयात पडदा लावून कॉम्प्युटरचे व्हिडिओ दाखवायला लागले. चाळीस-चाळीस पोरं यायची, शांत बसायची, मान हलवायची. तीन महिन्यांनी मी एकेकाला कॉम्प्युटरसमोर बसवून सांगितलं, तहसीलदारांच्या नावाने एक अर्ज टाइप कर. अर्ज पुरा करणारी फक्त दोघं निघाली, आणि त्या दोघांच्याही घरी आधीपासून कॉम्प्युटर होता. बाकीच्यांनी सगळं पाहिलं होतं, केलं काहीच नव्हतं. पोरांचे ते तीन महिने माझ्यामुळे वाया गेले, याचं मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'कडे वळले, आणि तुझ्या कॉम्प्युटरसाठी मी तेच सांगेन. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प आहे, पैसा केंद्र सरकारचा. एकेक पाठ साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर सॉफ्टवेअर चालू असते आणि कानावर मराठी पडते. बटणांवरची नावं इंग्रजीच असतात, कारण उद्या कोणत्याही ऑफिसात तीच दिसणार. पण 'आता फाइलवर क्लिक करा, तिसरा पर्याय निवडा' हे सांगणारा आवाज मराठी असतो. इंग्रजी येत नाही म्हणून कॉम्प्युटर येत नाही, ही गाठ त्याने सुटते. लिबरऑफिसमधलं लिहिणं, हिशोबाचा तक्ता, सादरीकरण, चित्रांसाठी जिम्प, पुढे लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आणि पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा, सगळं त्यात आहे, आणि लिबरऑफिस हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. पाठ उतरवून ठेवले की नेट लागत नाही.

ते ज्या रीतीने करायला सांगतात ती रीत सोडू नकोस. पडद्याच्या अर्ध्या भागात व्हिडिओ, अर्ध्या भागात सॉफ्टवेअर. अर्धा मिनिट पाहायचं, थांबवायचं, तेच आपल्या हाताने करायचं, जमलं की पुढे. दहा मिनिटांचा पाठ असा केला तर पाऊण तास लागतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी सगळ्यांना हे संथ वाटते, काही जण चुळबुळ करतात, पण पंधरा दिवसांनी तेच अर्ज टाइप करतात. कॉम्प्युटर एक आणि पोरी तीन असतील तर आणखीच चांगलं. एकीच्या हाती माउस, दुसरी व्हिडिओ थांबवणार आणि काय करायचं ते मोठ्याने सांगणार, तिसरी वहीत पायऱ्या लिहिणार. दर पाठाला जागा बदलायची. माउस हाती असलेल्या मुलीपेक्षा सांगणारी जास्त शिकते, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

आता शिकायचं काय? तू टॅली म्हणतेस. टॅली हे दुकानांचे हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर, त्याचा शैक्षणिक मोड फुकट चालतो, त्यात ठराविक तारखांच्याच नोंदी करता येतात, सरावाला तेवढं पुरते. पण टॅलीच्या आधी हिशोबाचा तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट, शीक, आणि तो तुमच्याच वेचणीच्या वहीवर शीक. तुमच्या घरी वही असेलच: कोणी किती किलो वेचलं, दर काय ठरला, कोणाला किती उचल दिली, बाजाराच्या दिवशी चुकारा किती करायचा. पहिल्या रकान्यात बाईचं नाव, दुसऱ्यात किलो, तिसऱ्यात दर, चौथ्यात मजुरी. चौथा रकाना हाताने भरायचा नाही. बरोबरचं चिन्ह द्यायचं आणि किलोच्या घराला दराच्या घराने गुणायला सांगायचं. ३८ किलो, दर १० रुपये धरला तर ३८० आपोआप येतात. पाचव्या रकान्यात उचल, सहाव्यात बाकी, खाली एकूण बेरीज. मग दर १० चा ११ करून पाहा, सगळे आकडे एका क्षणात बदलतात. तो क्षण मी वीसेक पोरींच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. तिथून पुढे त्यांना शीक म्हणून सांगावं लागत नाही.

मागच्या हंगामात एका मुलीने असाच तक्ता करून आठवड्याचा चुकारा काढला. वहीत एका मजूर बाईचे एका दिवसाचे किलो लिहायचेच राहिले होते, ते बेरजेत उघडे पडले. त्या बाईला तिचे पैसे मिळाले आणि मुलीच्या घरी ती कॉम्प्युटरवर 'टाइमपास' करते असं म्हणणं बंद झालं. हातातल्या कामातून शिकायचं, हा विचार आपल्याच भागात रुजलेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी तिथे कामाभोवती शिक्षण गुंफायची कल्पना मांडली, झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला, आणि पुढे सेवाग्रामला नई तालीमची शाळा चालली. तेव्हा टकळी आणि सूत होतं. तुझ्याजवळ वेचणीची वही आहे.

घरी कॉम्प्युटर नाही, हे मला माहीत आहे. मोबाईलवर गूगल शीट्समध्ये हाच तक्ता नेट नसतानाही होतो, सूत्रं तीच असतात. पण आठवड्यातून एकदा तरी खऱ्या कळफलकावर हात बसायला हवा. तुझ्या कॉलेजात कॉम्प्युटरची खोली असेल, तालुक्याच्या वाचनालयात एखादा असेल. कॉलेजची खोली बहुतेक वेळा कुलपात असते. दोघी-तिघींनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, त्यात वार आणि वेळ लिहा. तोंडी मागितलं तर 'बघू' म्हणतात, कागद गेला की त्यावर काहीतरी शेरा मारावा लागतो.

मोबाईलचं बोलू या, कारण खरी अडचण तिथेच आहे. दादाजवळ दिवसभर असतो म्हणतेस. 'मलाही देत जा' असं म्हणून तो कधी मिळत नाही. घरातल्या सगळ्यांसमोर एक तास मागून घे आणि त्याची वेळ सांग, म्हणजे रात्री साडेआठ ते साडेनऊ किंवा पहाटे पाच ते सहा. आणि त्या तासात दाराआड बसू नकोस. आपल्याकडे मुलीच्या हातात मोबाईल दिसला की माय-बापाच्या मनात धाकधूक सुरू होते. ती धाकधूक बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण तिच्यामुळे किती मुलींचं शिकणं बंद पडलं हे मी जवळून पाहिलं आहे. मायजवळ बस. जे शिकलीस ते तिला मराठीत सांग. ती तूर निवडता निवडता ऐकेल. तिला सांगताना अडलीस तर ते तुला नीट समजलेलं नाही, परत पाहा.

नेटचंही नियोजन लागते. व्हिडिओ ३६० च्या दर्जावर ठेवलास तर तासाला साधारण अडीचशे-तीनशे एमबी जातात, मोठ्या दर्जावर कितीतरी जास्त. जिथे रेंज चांगली असते, म्हणजे तालुक्याला, पाण्याच्या टाकीजवळ, कॉलेजात, तिथे आठवड्याचे पाठ उतरवून घे. घरी फक्त पाहायचं आणि करायचं. लाईन गेली, टॉवर बंद पडला, तरी तुझा तास बुडत नाही.

आणि एक वही. पाठ संपला की मोबाईल उलटा ठेव आणि जे आठवते ते पाच ओळींत मराठीत लिही, न बघता. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. एकाच उताऱ्याचं पुन्हा पुन्हा वाचन करणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते. आठवड्याने मात्र ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. तू मानसशास्त्राच्या कोर्सला नाव टाकलं होतंस, त्यातला हा एक धडा आजपासूनच कामाला लाव. वावरात वेचताना कालच्या पाच ओळी मनात म्हणायच्या. हात कामात असतात, डोकं मोकळं असते.

इंग्रजीसाठी मी तुला कोर्स सांगणार नाही, गोष्टी सांगते. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर मुलांची पुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, आणि पुष्कळशा गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. वाचनाच्या चार पातळ्या केल्या आहेत. दुसऱ्या पातळीपासून सुरू कर. आधी मराठीत गोष्ट वाच, मग तीच इंग्रजीत मोठ्याने वाच, शब्दकोश न उघडता. अर्थ आधीच माहीत असल्याने वाक्याची बांधणी कानाला आणि जिभेला सवयीची होत जाते. बी.ए.च्या मुलीने लहान मुलांची पुस्तकं काय वाचायची, असं मनात येईल. वाच. आमच्याकडे एक मुलगी व्याकरणाचं जाड पुस्तक घेऊन दोन वर्षं अडकली होती. सव्वाशे गोष्टी झाल्यावर ती बँकेतला इंग्रजी फॉर्म स्वतः भरून आली. ऐकण्यासाठी बीबीसीचं 'लर्निंग इंग्लिश' आहे, पण ते दोन-तीन महिन्यांनी घे. आता घेतलंस तर वेगाने घाबरशील.

भावाचं गणित. इथे घाई करू नकोस, कारण आठवीच्या पोराला आठवीचेच व्हिडिओ दाखवणं ही सगळ्यात मोठी चूक होते. बीजगणित जमत नाही म्हणणाऱ्या दहा पोरांना बसवून मी तपासते, तेव्हा आठ जण अपूर्णांकात किंवा ऋण संख्येत अडलेले असतात. तो खड्डा पाचवी-सहावीत पडलेला असतो आणि त्यावर दरवर्षी नवा धडा रचला जातो. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पाचवीचं गणित उतरवून घे आणि प्रत्येक सरावसंचातलं एकेक उदाहरण त्याला करायला दे. जिथे पेन थांबेल तिथे खूण कर. तिथूनच सुरुवात करायची, आठवीत असला तरी. त्याला हलकं वाटू नये म्हणून 'पाचवीचं पुस्तक' म्हणू नकोस, कागदावर उदाहरणं उतरवून दे.

पाठ्यपुस्तकात चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड असतो. २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालेल्या दीक्षा ॲपने तो टिपला की त्या धड्याचं साहित्य उघडते, आणि ते उतरवून बिननेटही पाहता येते. अपूर्णांकासाठी मला मात्र सगळ्यात आवडते ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' हे पडद्यावरच्या प्रयोगांचं संकेतस्थळ. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी ते २००२ मध्ये सुरू केलं. त्यात पोरगा स्वतः तुकडे उचलून जोडतो, तराजू झुकवतो, वीज जोडून दिवा लावतो, आणि यातले पुष्कळ प्रयोग मराठीत झालेले आहेत. पोराला 'पाहा' म्हणून सांगण्यापेक्षा 'कर' म्हणून सांगणारं साहित्य नेहमी आधी निवड.

आणि दशांश अपूर्णांक शिकवायला तुमचा सातबारा घे. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, गावात सगळे एकरात बोलतात. एका हेक्टरात १०० आर, एक हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर, एका एकरात ४० गुंठे. सातबाऱ्यावर १.६२ हेक्टर लिहिलं असेल तर वावर किती एकर झालं? हे उदाहरण सोडवलेला एकही पोरगा मी दशांश विसरलेला पाहिला नाही, कारण पुढे तो शेजाऱ्याच्याही सातबाऱ्याचं करून पाहतो.

त्याच्या वाट्याला मोबाईलचा तास येणार नसेल तर घरी डीडी फ्री डिश आहे का ते पाहा. पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या त्यावर इयत्तेप्रमाणे दिसतात आणि त्यांना महिन्याचं भाडं नाही. टीव्ही थांबवता येत नाही ही त्याची मर्यादा, म्हणून तिथे वही जवळ हवी.

बाबांच्या फवारणीचं मला जास्त गांभीर्याने सांगायचं आहे. बाकी विषयांत चुकीचा व्हिडिओ पाहिला तर वेळ जातो, इथे जीव जातो. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुमच्या घरात कोणी विसरलं नसेल. व्हिडिओतला माणूस दोन औषधं एकत्र करायला सांगत असेल, डब्याचं नाव पुन्हा पुन्हा घेत असेल, खाली दुकानाचा नंबर देत असेल, तर तो विकायला बसला आहे, शिकवायला नाही. शेतीचं ऐकायचं तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं आणि जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राचं.

गुलाबी बोंडअळीचंच बघ. तिथे सांगतात ते असं: कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावा, रोज सकाळी त्यात सापडलेले बोंडअळीचे पतंग मोजा, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडलेली दिसली, तरच फवारणीचा विचार करा. हे मोजणं तू करू शकतेस. वेचणीच्या तक्त्याशेजारी सापळ्याचा तक्ता कर: तारीख, सापळा, पतंग. बाबांना व्हिडिओ पाहू नका असं सांगून ते ऐकणार नाहीत, पण आपल्याच वावरातला आकडा समोर ठेवला तर बाप माणूस थांबून विचार करतो. शंका आली तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मराठीत बोलतात.

आता प्रमाणपत्र, कारण घरचे तेच विचारतील. 'स्वयम' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी असते आणि केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. त्यातला एनपीटीईएल हा आयआयटी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा भाग २००३ पासूनचा. त्याचे कोर्स चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात, जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात, दर आठवड्याच्या स्वाध्यायाला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असते. परीक्षेची फी हजार रुपयांच्या आसपास धर. २०२१ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घ्यायची मुभा विद्यापीठांना दिली आहे. म्हणजे तुझ्या बी.ए.चे श्रेयांक (क्रेडिट) त्यातून मिळू शकतात. पण ते कोणत्या कोर्सचे धरतात हे नाव टाकण्याआधी कॉलेजला विचार, नंतर नाही. परीक्षेचं केंद्र कोणत्या शहरात आहे तेही आधी बघ. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी परीक्षेच्या दिवशी वेचणीची मजुरी बुडते, तीही खर्चात धर. पहिल्याच वर्षी परीक्षेच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. एक कोर्स बिनपरीक्षेचा पुरा कर, दुसऱ्याला फी भर.

सरकारी नोकरीच्या जाहिरातीत जिथे एमएस-सीआयटी मागतात तिथे मोफत कोर्सचं प्रमाणपत्र चालेल असं गृहीत धरू नकोस, जाहिरात शब्दन् शब्द वाच. आणि 'फुकट कोर्स' म्हणून फोन करणाऱ्यांपासून जप. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाला आधी मोफत वर्ग, मग 'फक्त नोंदणी', मग हप्ते असं करत करत एका क्लासवाल्याने बावीस हजारांच्या कर्जात उतरवलं, आणि ते कर्ज आहे हे त्याला पहिला हप्ता कापल्यावर कळलं. त्याच्या वडिलांनी तुरीच्या पैशातून ते फेडलं. जिथे फोनवरून ओटीपी मागतात, आधार आणि बँकेचं पासबुक मागतात, तो कोर्स फुकट नाही. खरोखर फुकट असते त्याला बहुतेक वेळा फक्त ईमेल लागतो, कधी तोही नाही.

बाकी खजिना मोठा आहे. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड नेटवर वाचता येतात, परीक्षेच्या निबंधापासून घरातल्या वादापर्यंत मी तो उघडते. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून खेळणी आणि मराठीतली कितीतरी पुस्तकं आहेत, भावासाठी त्यातली एखादी काडेपेटी-सायकलच्या नळीची गंमत कर. किविक्स नावाचं ॲप मराठी विकिपीडिया आख्खा मोबाईलमध्ये उतरवून देते. यातलं सगळं आज उघडू नकोस. तुझे सहा कोर्स असेच जमा झाले होते.

पहिल्या पंधरवड्याचं एवढंच ठरव. सहापैकी पाच कोर्समधून नाव काढून टाक. गावातल्या एका मैत्रिणीला विचार, दोघींचा एकच तास जुळतो का. येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाशील तेव्हा स्पोकन ट्युटोरियलचे लिबरऑफिस कॅल्कचे, म्हणजे हिशोबाच्या तक्त्याचे, पहिले चार पाठ मराठीत उतरवून आण. त्याच संध्याकाळी वेचणीची वही समोर घेऊन पहिला रकाना भर. आठवड्याचा चुकारा तक्त्यात आणि वहीत दोन्हीकडे काढ. दोन्ही आकडे जुळले तर मला कळव. जुळले नाहीत तर कोणत्या ओळीत फरक आला ते लिही, तिथून पुढचं आपण मिळून पाहू.